अशी बाई हितं कुणी न्हाई

जमलेल्या मायबहिणींनो, भावांनो, आन सूसवरनं, पुण्यावरनं वाट वाकडी करून आलेल्या पाहुण्यांनो,

मला भाषण येत न्हाई. मी मंगल. आपल्या मुठा खोऱ्यातल्या ह्या बंगल्यांच्या स्कीममधी मी बागेचं काम करते. नानी आन मी शेजारी शेजारी बसून गवत काढायचो. आज तिच्या फोटोला हार हाय, आन मला म्हणत्यात, बोल. काय बोलू? रडू येतंय ते येगळंच. पण खरं सांगते, रडण्यापरीस राग लई येतोय.

हा माझ्यामागचा फ्लेक्स बघा. "कालकथित नानी यांना भावपूर्ण आदरांजली." खाली शोकाकुल म्हणून केवढी नावं! दादा, अण्णा, भाऊ, माजी, भावी. सगळे आडनावासकट, फोटोसकट. आन जी गेली तिचं नाव काय? नुसतं नानी.

कुणी छापलं त्याच्याशी मी भांडत न्हाई. त्याला म्हाईतच नसंल. पण बाईनं अखेरची वर्षं ज्याच्यापायी घातली, तेच नेमकं हितं न्हाई. म्हणून आधी नाव सांगते. अनसूया धोंडू भालेराव. ऐकलं का? अनसूया धोंडू भालेराव.

नव्या माणसांना सांगते काय झालं. मतदार यादी तपासायला एक साहेब आले व्हते. आमी बाया कामावर. वस्तीत म्हातारी माणसं तेवढी, कट्ट्यावर बसलेली. साहेबांनी विचारलं, "अनसूया धोंडू भालेराव इथंच राहतात का?" कट्ट्यावरच्यांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. आन सांगितलं, "अशी बाई हितं कुणी न्हाई."

दगडूमामा, तुमी बी व्हता त्या कट्ट्यावर, मान वर करा. तुमाला एकट्याला न्हाई बोलत. तुमी तिला जन्मभर नानी म्हणलात, तिच्या हातची भाकरी खाल्लीत, तिच्या दारातनं रोज येजा केलीत. नाव विचारायची येळच कधी आली न्हाई. आपल्यात बाईचं नाव विचारतंय कोण? सुरेशची आई, थोरली, माई, नानी. एवढ्यावर आपलं सगळं भागतं. सरकारचं भागत न्हाई. यादीतनं नाव गेलं. तिचं गेलं, तिच्यासंगं वस्तीतल्या आणखी बायांची गेली, सगळ्या अशाच, कुणाची तरी आई न्हाईतर कुणाची तरी काकू.

मतदानाच्या दिशी ती नवं लुगडं नेसून गेली. शाळेबाहेर टेबल टाकून आपल्याच गावची पोरं बसलेली. "नानी, नाव सापडत न्हाई गं तुझं. बस ना, चहा घे." चहा मिळाला. मत न्हाई मिळालं. ती चहा तसाच ठेवून तितंच भिंतीला टेकून बसली, मतदान संपेस्तोवर. भांडली न्हाई, रडली न्हाई. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, "माझं राहिलंय. मी हाय हितं."

मजुरीचं तरी काय येगळं झालं? गड्याला एक रेट, बाईला त्याच्यापेक्षा कमी. ऊन दोघांना सारखंच की! कामगार कचेरीत तक्रार केली तर बागेचा कंत्राटदार तितल्या साहेबांपुढं म्हणाला, "अनसूया नावाची कुणी माझ्याकडं कामालाच नाही." आन हजेरीत खरंच कुणी नव्हतं. तितं नुसतं 'बाया' लिहिलेलं.

तवा ती मला म्हणली, "मंगल, हे दोन न्हाईत, एकच दुखणं हाय. जिला मोजत न्हाईत तिला दाम कशाला देतील?"

मग आमी बसायला लागलो. काम सुटलं की स्कीमच्या गेटासमोर, ग्रामसभा असली की पंचायतीसमोर. नानीचा नेम असा, की रिकामं बसायचं न्हाई. सूप आणायचं, तांदूळ आणायचे, निवडत बसायचं. घोषणा न्हाई, शिवी न्हाई. तरण्या पोरी तापल्या. कंत्राटदाराच्या गाडीवर धोंडा घालू म्हणल्या. ही सुपातनं नजर बी न काढता म्हणली, "खडा आपण तांदळातनं काढतो. कुणावर टाकत न्हाई. बस खाली."

आन दुसरा नेम, तितं कुणी कुणाला माई, काकू म्हणायचं न्हाई. पुरतं नाव घ्यायचं. जी चुकंल तिनं सगळ्यांना पाणी आणायचं. अहो, आमाला स्वतःचं नाव घ्यायची लाज वाटायची! तोंडाला पदर लावून हसायचो. सगळ्यात जास्त पाणी नानीनंच आणलं. तिलाच सवय मोडंना.

बंगल्यातल्या एक मॅडम आमचा व्हिडिओ काढून म्हणल्या, "किती शांत आहेत ना ह्या बायका!" शांत? आमच्या आत काय पेटलेलं ते त्या व्हिडिओत दिसत न्हाई, मॅडम. आमी शांत बसलो म्हणून सगळे निवांत झाले. कंत्राटदार म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू. मतदार यादीची कचेरी म्हणती, परत अर्ज करा. आमी दगड मारला असता तर संध्याकाळच्या आत आमची नावं सापडली असती की न्हाई? पोलिसांनी बरोब्बर लिहून घेतली असती. हाच तर माझा राग हाय. सरळ वागणाऱ्याला किती थांबवायचं?

छातीत पाणी झालं म्हणून तिला दवाखान्यात नेली. सिस्टरनं हाक मारली, "अनसूया भालेराव कोण?" नानीनं पडल्या पडल्या हात वर केला. "मी. मी हाय." मग माझ्याकडं बघून हसली. "बघ मंगल, आजारी पडलं की नाव सापडतंय."

ते हसू माझ्या डोळ्यापुढनं जात न्हाई.

यादीत तिचं नाव अजून न्हाई. आता येऊन तरी काय उपेग? पण बाकीच्या जणी जित्या हायेत, हितंच बसल्यात, आन पंचायतीची निवडणूक तोंडावर आलीया. साहेब परत विचारायला येतील. आमी कामावरच असू. कट्ट्यावर तुमीच असाल.

आता सभा चालवणारे भाऊ म्हणतील, दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळू. पाळू की. नानीनं आमाला गप बसायला चांगलं शिकवलंय. पण त्याच्या आधी मी एकच गोष्ट विचारणार हाय. साहेबांनी विचारली तीच. दगडूमामा, उठा. तुमी बी उठा सगळे. आन मला मोठ्यानं सांगा.

अनसूया धोंडू भालेराव हितंच राहत व्हती का?

न्हाई मामा, नुसती मान हलवू नका. तोंडानं सांगा. सांगा, आन मगच गप उभं राहू.

जय भीम.