चौथ्या भागातली बोटं

परतूरच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर काकू आणि पुतण्या हॅकरच्या मालिकेवरून भांडत होते. काकूंचा अभ्यास पक्का होता.

“कल्याण, तो हॅकर मेलेला न्हाई. शेवटच्या भागात येतो बघ.”

“बिलकुल बकवास मालिका हाय, काकू. दोन मिनटांत कुणी मोबाइलचं लॉक उघडतं का?”

“चौथ्या भागात उघडलं की! चारदा बघितला मी. पण बोटं बराबर दाखवत न्हाईत.”

“बोटं कशाला बघून राह्यलीस?”

“माझ्या लेकराचा, गोरक्षचा मोबाइल लॉकच हाय ना. त्यात त्याचा आवाज असंल. रोज एक तारीख टाकते. जन्माची टाकली, लग्नाची टाकली, पोरीच्या बारशाचीबी टाकली.”

“आन् आज?”

“आज तो गेला त्या दिवसाची टाकली.”

“काकू, ती त्याला कशी ठाऊक असंल?”

बस लागली. दोघांतलं कुणीच उठलं नाही.