तेवढा निरोप जाऊ दे

आपा-आपा करून मला खुर्ची देऊ नकोस, मी बसायला नाही आलेय! हा धर तुझा फोन, तूच विकलेला. परत घे म्हणत नाही, पैसे दे म्हणत नाही — आत माझा एक निरोप अडकलाय, माझ्या आवाजातला, तेवढा मॉस्कोला माझ्या मुलीला जाऊ दे, की मी चालले. काल दुपारी बोलले मी तो. तेव्हापासून त्याच्याशेजारी ते एवढंसं घड्याळ बसलंय, हलत म्हणून नाही. काय? रेंज नाही? अरे, रेंज नाही हे मलाही दिसतंय की! एवढं ऐकायला मी नारीनच्या बाजारापर्यंत जीपमध्ये मेंढ्यांना खेटून आले का?

बंद करून चालू केला का, म्हणे. केला. ते विमानाचं चित्र असतं ना, ते दाबलं, परत दाबलं. सिम काढलं, डोक्याच्या रुमालाने पुसलं, घातलं. गोठ्याच्या छपरावर चढले — या गुडघ्यांनी! नवरा खाली उभा राहून म्हणतो, "बुरुल, उडायचं असेल तर चहा टाकून मग उड." कबरस्तानामागच्या टेकडीवर गेले, अख्खं गाव जातं तिथे फोनवर बोलायला. तिथे ती चिमुरडी पोरंसुद्धा खिदळतायत, बोलतायत, आणि माझा हा मेला मुका तो मुकाच. माझा जुना बटणांचा फोन शेणाच्या पाटीत पडला होता, तरी वाजायचा! आणि हा? आठवडाभर बरा चालला, मुलीचं तोंड दिसायचं त्यात, पोट दिसायचं. मग बसला गप. दृष्ट लागली म्हणतोस? मला नको शिकवू, मी काही कच्च्या गुरूची चेली नाही, दृष्टीचा बंदोबस्त मी आधीच केलाय!

हसतोयस कशाला? हसण्यासारखं झालेलं नाही काही. माझ्या जिपारला मुलगी झाली. पहिलटकरीण आहे ती, एकुलती एक लेक माझी, आणि मला कोणी सांगितलं माहितीये? कालबुबूने! आमची शेजारीण, जिला स्वतःच्या गाईला वासरू झालेलं तिसऱ्या दिवशी कळतं! मी ताक घुसळत होते, तर ही फाटकातून ओरडतच आली — "सुयुन्चू! सुयुन्चू!" — आणि हात पुढे. मला वाटलं, हिचा मुलगा सुटून आला की काय लष्करातून. तर म्हणते, "अगं, तू आजी झालीस, दे माझं बक्षीस!" मी आजी झाले आणि ती बक्षीस मागतेय! आनंदाची बातमी आणणाऱ्याला रिकाम्या हाताने धाडू नये, तुझ्या आईनेही हेच शिकवलं असेल तुला. मी धाडलं. रिकाम्या हाताने धाडलं, वर घुसळणाऱ्या दांड्याने फाटक दाखवलं. आता गावभर सांगत सुटलीये, बुरुलला नात झालेली आवडली नाही म्हणून. सांगू दे. तिला काय धाड भरलीये.

पण तिला कळलं कुठून? जिपारच्या सासूकडून, आमच्या जावयाच्या, एर्मेकच्या आईकडून. आणि सासूला? फोन आला मॉस्कोहून! म्हणजे बघ, तिथे बाळंतपणाच्या खाटेवर पडून माझ्या मुलीला आठवलं कोण — सासू! पहिला फोन सासूला! ज्या बाईने लग्नात माझ्या आणलेल्या गालिच्यावर बोट फिरवून "लोकर जरा भरड आहे" म्हटलं, तिला! आणि मी इथे दोन महिने पाळणा करून ठेवलाय, जुनिपरच्या लाकडाचा, सुतार म्हणाला साध्या लाकडाचा करू, मी म्हटलं हात लावून बघ साध्या लाकडाला. नातीचा पाळणा आईच्या आईने द्यायचा, तो मान तरी माझा आहे ना? मग? आईला फोन करायला हात मोडले होते का?

मग बोलले मी. भडाभडा बोलले. म्हटलं, तुला सासूच गोड लागते ना, तिलाच आई म्हण. म्हटलं, माझ्या दारात येऊ नकोस, लेकीला घेऊन तर मुळीच नको, आणि पाळणा मी सरपणात फोडून टाकलाय. आता बघतोस काय असा? फोडलेला नाही रे! वाकळीखाली झाकून ठेवलाय, घरी सगळं आहे तसं आहे. पण तिला काय माहीत? कळू दे. लागू दे जरा जिव्हारी. नवरा म्हणाला, रात्र जाऊ दे, सकाळी बघ. मी म्हटलं, सकाळी नारीनला जाते आणि त्या पोराच्या छाताडावर बसून निरोप पाठवते. झाली सकाळ, आले मी. तू आता कर तुझं काम.

ए, ए — ते कशाला सोडवतोस? कव्हर आहे ते! हळू, टाका उसवेल! मी स्वतः शिवलंय, आतबाहेर लोकरीचा नमदा, आणि मधे चांदीचे पत्रे. हो, चांदीचे. माझ्या आजीच्या कमरपट्ट्याचे, पाठीला पण आणि झाकणाला पण. नवा फोन बघून शेजारपाजारचे कसे बघायचे ते तू नाही पाहिलंस, गिळायचे नुसते. म्हटलं, चांदी असली की कोणाची नजर आत शिरायची नाही. कधी शिवलं? आता... आठवडा झाल्यावर. मग बंद कधी पडला? — अरे, तू मला काय पोलिसासारखं विचारतोस? चांदीचं नि फोनचं काय? कोणाची आजी मेली नाही चांदीने! काय आत शिरत नाही? रेंजही? ... काहीतरीच. तुझ्या या लोखंडी डब्यासारख्या दुकानात बसून बसून तुझं डोकं तापलंय.

आणि आता बाहेर कुठे घेऊन चाललास? दारात थांब, माझ्या डोळ्यांसमोर थांब. बघू. ...अगो बाई. आल्या की रेंजच्या काड्या. सगळ्या आल्या! हं, हे बरं झालं, आता जाईल — हे काय वाजतंय? थांबतच नाहीये. काय आहे ते? जिपार. जिपार, जिपार — सगळे तिचेच? परवापासूनचे? लाव. वरचा लाव. जोरात लाव, बाजार ऐकू दे, मला काय.

"आई, फोन का लागत नाहीये तुझा? डॉक्टर म्हणतात पोट फाडायला लागेल. मला भीती वाटतेय, आई. तू नुसती बोल ना माझ्याशी, काहीही बोल."

...पुढचा. पुढचा लाव, माझ्याकडे बघू नकोस.

"आई, मुलगी झाली. मी एर्मेकला बजावलं होतं, माझ्या आईला कळल्याशिवाय कोणाला सांगायचं नाही. त्याने सांगितलंच त्याच्या आईला. मी त्याच्याशी बोलत नाहीये. तू फोन घे ना आता."

अरे — अरे, माझा थांबव! माझा निरोप, तो वरचा, थांबव तो! ते घड्याळ कुठे गेलं? हे दोन टिक कसले? गेला? पुस. परत घे, ओढ तिकडून, येतं ना तुम्हाला असलं सगळं! दाब ना काहीतरी! ...निळे का झाले? निळे म्हणजे काय? सांग की रे, निळे म्हणजे काय?

...ऐकला. सगळा?

वाजतोय. तिचाच आहे. मी काय बोलू, मी काय... तू घे. तू सांग, आई नाहीये इथे. नको, सांगू नकोस! बंद पडेल, दे इकडे, दे तो. आणि तू बाहेर जा. दुकान तुझं आहे, ठाऊक आहे मला. जा म्हटलं ना!