दहापैकी सहा

रक्षा : (वर्ध्याहून फोनवर) थांबा बाबा. विहाराच्या भोंग्यावरून नेमकं काय सांगितलं तुम्ही?

हरिदास : जे तू लिवलं थेच. गुरुवारी पानी येते, गारा येते, उद्या कोनी तूर कापू नोका. वर्ध्याच्या हवामान हापिसातून माह्या पोरीनं सांगतलं हाय.

रक्षा : "येते" कुठे लिहिलंय मी? आठवडाभर हवामान अस्थिर राहील, गुरुवारी तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता, एखाद्या ठिकाणी गारपीट. शक्यता, बाबा!

हरिदास : शक्यता म्हनलं तं आपल्या वडनेरात कोन आयकते? थो शब्द मी काहाडून टाकला.

रक्षा : काढून टाकला? अहो, सगळ्या अंदाजात तोच शब्द मी तीन वेळा तपासला होता!

हरिदास : मले तं खालचं नाव दिसलं. रक्षा हरिदास थूल. पह्यला अंदाज तुह्या नावाचा! छाती भरून आली माही. मंग राह्यवते का घरी बसून?

रक्षा : अन् गुरुवारी ऊन पडलं तं? मजूर दुसऱ्या गावी जातील, वाळलेल्या शेंगा फुटून दाणे वावरात सांडतील. लोक म्हणतील, थुलांच्या पोरीनं बुडवलं.

हरिदास : कोन म्हनते थे पाह्यतो ना मी.

रक्षा : पुढच्या वेळी खरंच गारा येणार असल्या, तरी माझं कोणी ऐकणार नाही. त्याची भीती वाटते मला.

हरिदास : बरं, तुह्या मनातलं सांग. येते का नाई पानी?

रक्षा : मनातलं नसतं बाबा. असं आभाळ दहा वेळा आलं, तर सहा वेळा पाऊस पडतो, चार वेळा नाही. एवढंच माहीत आहे मला.

कमलाबाई : द्या इकडं थो फोन, इस्पीकर चालूच राहू द्या. रक्षा, मी बोलून राह्यली, आई. तुहा बाप सकाळपासून गावभर मिरवून राह्यला, दोनदा चहा थंडा झाला. आता काय करा लागते सांग.

रक्षा : त्यांना पुन्हा भोंग्यावर पाठव. दहापैकी सहा म्हणावं. कापायचं की थांबायचं, ज्याचं त्यानं ठरवावं. कापून पडली असेल ती तूर मात्र आजच ताडपत्रीखाली घ्या.

हरिदास : सारं गाव हासते ना माह्यावर!

रक्षा : हासू द्या.

कमलाबाई : आयकलं? घाला चपला.

(तासाभरानं पुन्हा फोन.)

रक्षा : आई, गेले का बाबा?

कमलाबाई : गेलते. ओट्यावर येऊन बसले. आवाज बसला त्याइचा, म्हनून मी फोन लावला.

रक्षा : हासले लोक?

कमलाबाई : पह्यले हासले. तुह्या बापानं साफ सांगतलं, मघा मी चुकलो, पोरीनं सहा म्हनलं, मी दहाचे दहा केले. मंग रूपराव पुढं आला. मागच्या साली टीव्ही पाहून त्यानं आठ दिवस तूर झाकून ठेवलती. थेंब पडला नाई.

रक्षा : म्हणजे तो उद्या कापणारच.

कमलाबाई : नाई. मजुराइले शनिवारचं सांगतलं त्यानं. म्हने, आपला अंदाज चुकू शकते हे आजवर कोनी आधी सांगतलं नवतं. पोरगी अशी कशी बोलते, इचारलं त्यानं.

रक्षा : बाबा काय म्हणाले?

कमलाबाई : भोंगा चालूच होता, साऱ्या वडनेरानं आयकलं. म्हने, "माही पोरगी जेवढं माहीत हाय तेवढंच बोलते."