गळ्यापासून वरची आचल

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या गावाचे सरपंच माननीय मुखरूभाऊ, मंचावर बसलेले केंद्रप्रमुख साहेब, शाळा समितीचे सर्व सभासद, माझे सहकारी शिक्षक, सतरंजीवर बसलेल्या माझ्या बायाबहिणी, मागं सायकलींना टेकून उभे असलेले माझे जुने विद्यार्थी, आणि पुढच्या रांगेत एकमेकांना चिमटे काढत बसलेली चौथीची माझी पोरं, तुम्हा सगळ्यांना वच्छला नान्हेचा नमस्कार. ए अमर, संध्याकाळपर्यंत मी तुझी बाईच आहे हं. नीट बस.

माझ्याआधी जे बोलले, त्यांनी इतकं गोड गोड सांगितलं की मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कोणा बाईच्या निरोपाला येऊन बसले. मुखरूभाऊ तर म्हणाले, बाईंनी पोरांवर कधी हात उचलला नाही. भाऊ, तुमचे धाकटे चिरंजीव तिथं मागं उभे आहेत, एकदा त्यांना विचारून पाहा. असो. कौतुक कोणाला नको असतं? मी ते सगळं बांधून नेते आहे.

पण एक गोष्ट मला पचली नाही. प्रत्येकाच्या भाषणात एक वाक्य आलं, की बाईंची आता मजा आहे, लेकीजवळ हैदराबादेत राहतील, गाडीत फिरतील. नोकरीची वर्षं शिल्लक असताना बाई स्वेच्छानिवृत्ती घेऊन काऊन जाऊन राह्यली, याचं उत्तर गावानं आपापसात काढून ठेवलं आहे. मला राग नाही. पण ते खरं नाही. याच व्हरांड्यात मी खोटं बोलणाऱ्या पोरांना उभं केलं, मग जाता जाता खोट्यावर टाळ्या कशा घेऊ? आणि मी हे आचलला विचारून बोलते आहे. ती म्हणाली, "सांग आई, पण रडू नको."

आमची आचल तुम्हाला माहीत आहे. याच शाळेतून चौथी झाली, पुढं नागपूरला इंजिनिअर झाली आणि हैदराबादला एका कंपनीत लागली. पेढे तुम्ही खाल्लेच आहेत. काम असं की रात्रभर कॉम्प्युटरसमोर बसायचं, परदेशातल्या लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि दिवसा झोपायचं. सुरुवातीला तिच्या खोलीत रंजीता नावाची एक मैत्रीण होती. तिचं लग्न झालं, ती गेली, आणि आचल एकटी राहिली.

आता आमचा भूपेश. उभा राह रे. हा माझा विद्यार्थी. गणितात कच्चा, पण माणूस पक्का. यानं नागभीडला स्टेशनजवळ नेटचं दुकान काढलं. मला म्हणाला, "बाई, रविवारी या, आचलताई दिसन तुमाले." मी गेले. त्यानं माझ्या पदरावरून ते कानाचं यंत्र लावलं आणि काचेत आचल दिसली. माझी आचल! मी इतक्या मोठ्यानं "आचल" म्हणून ओरडले की दुकानातली सगळी पोरं वळली. मी हात पुढं करून तिच्या गालाला लावला, तर भूपेश म्हणतो, "बाई, काचेले हात नका लावू, डाग पडते." मी हात मागं घेतला. तेव्हापासून दर रविवारी मी हात मांडीवर ठेवूनच बसायची.

दर रविवारी मी विचारायची, जेवलीस? जेवली. झोप होते? होते. बरी आहेस? मस्त! आणि ती हसायची. लाइन मंदावली की चित्र तिथंच थिजायचं, ती हसताना थिजायची, आणि भूपेशची खटपट होईपर्यंत मी त्या हसण्याकडं बघत बसायची. घरी आले की बाया म्हणायच्या, "बाई, तुमची लेक तं समोरच आहे तुमच्या." मीही म्हणायची, हो, समोरच आहे.

पण मंडळी, मला सांगा, आपल्याकडं लेकीचं दुखणं आपल्याला कळतं कसं? ती माहेरी आली की दुपारी अंगणात आपण एकीच्या मागं एक बसतो, डोकं पाहतो, तेल घालतो. लेकीचं तोंड पलीकडं असतं. तोंडावर जे बोलता येत नाही, ते ती तेव्हा पाठमोरी बसून बोलते. मानेवर हात गेला की अंगातला ताप कळतो. नेटवर पाठ नाही. नुसतं तोंड आहे, आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तिला तिचंही तोंड दिसतं. मग ती हसणार नाही तर काय करणार?

ही जी सतरंजीवर तोंड लपवून राह्यली ना, ती माझी जाऊ कलाबाई. तिच्यामुळं हे सगळं उघडं झालं, आणि तेही चुकून. कलाबाई नागभीडच्या बाजारात मासे विकते. तिनं आचलसाठी गोंडपिपरीकडचं एक स्थळ आणलं होतं. त्या लोकांना पोरीचा बांधा, उंची, चाल, सगळं हवं होतं. म्हणून एका रविवारी ती माझ्याबरोबर भूपेशच्या दुकानात आली. टोपली बाहेर ठेवायला लावली म्हणून आधी भूपेशशी भांडली. मग कानाला यंत्र लावलं आणि म्हणाली, "आचल, उठ वो. चालून दाखव."

दुकानातली पोरं फिदीफिदी हसायला लागली. आचलही हसली. "काकू, इथी कुठी चालू?"

"उठ म्हणलं ना! थे लोकं विचारतीन, तं मी का सांगू? पोरगी गळ्यापासून वरच आहे म्हणून?"

आचल म्हणाली, "नको ना काकू." आणि तिचं हसू गेलं. लाइन चांगली होती त्या दिवशी, चित्र थिजलं नव्हतं. हसू खरंच गेलं. कलाबाई काही ऐकणारी बाई नव्हे, ती उठ उठच करत राहिली. शेवटी आचल उठली. आदल्या दिवाळीला मी शिवून पाठवलेला कुडता तिच्या अंगावर खुंटीवर अडकवल्यासारखा लोंबत होता. भर दुपारी खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलेली, खोलीत अंधार. ती मागच्या भिंतीपर्यंत गेली ती बाजूच्या भिंतीचा आधार घेत घेत. परत आलीच नाही. तिथंच भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. कलाबाईनं यंत्र काढलं आणि मला म्हणाली, "बाई, पोरगी बिमार आहे वो." तेवढ्यात वीज गेली. त्या स्थळाचं नाव कलाबाईनं पुन्हा घेतलं नाही.

मी बल्लारशाहवरून गाडी धरली आणि हैदराबादला गेले. काय पाहिलं ते सगळं सांगत नाही. एवढंच सांगते की नोकरीवरून आली की आचल पुन्हा कॉम्प्युटरसमोरच बसायची. नेटवर शेकडो मित्र, एकालाही भेटलेली नाही. तिच्या फोटोखाली कोणी दोन ओळी लिहिल्या तर तो दिवस चांगला. नाही लिहिल्या तर आपणच वाईट, असं तिनं ठरवून टाकलं होतं आणि त्या दिवशी ती जेवायची नाही. ऑफिसात तिचं नाव वेगळंच ठेवलेलं, नेटवर तिसरंच. मला म्हणाली, "आई, मी रोज किती लोकांशी बोलते. पण आचल म्हणून मला कोणी हाक मारत नाही." चौथीपर्यंत रोज सकाळी हजेरीत मी ते नाव घेत होते.

कोणी मला म्हणालं, बाहेरचं काही लागलं असेल. कोणी म्हणालं, लगन करून द्या, ठीक होते. मी डॉक्टरकडं नेलं. अंगाला ताप येतो तसा मनालाही येतो, त्यालाही औषध आहे, ते तिनं घेतलं. यंदाच्या दिवाळीला महिनाभर ती घरी होती, तुम्ही पाहिलीच. तलावाच्या पाळीवर काकूबरोबर बसायची. मला वाटलं, आता राहील. मी म्हटलं, सोड ती नोकरी. ती म्हणाली, "आई, दिवसाचं काम मागून घेते. पण हरून नाई येणार." तिचं खरं आहे. कॉम्प्युटरनं वाईट केलं असंही मी म्हणत नाही, तिचं पोट त्यावरच आहे, आणि भूपेशचं ते नेट नसतं तर कलाबाईनं तिला चालायला लावलं असतं कसं? पण डॉक्टरांनी सांगितलं की पोरीला एकटं ठेवू नका, घरी बोलणारं माणूस पाहिजे. ते माणूस मी. म्हणून जाते आहे, मंडळी. मजेसाठी नाही.

आमचे हे, तुमचे गोपालभाऊ, येत नाहीत. धान कोण पाहील, तलावात सोडलेलं मासळीचं बीज कोण पाहील? त्यांचंही बरोबर आहे. या माणसानं आजवर भूपेशच्या दुकानाची पायरी चढली नाही. परवा म्हणे गुपचूप जाऊन विचारून आले, "रविवारी कितीक वाजता येऊ गा?" खाली मान घालू नका, मी सांगणारच होते.

आणि तुम्ही म्हणता, बाई, आपण नेटवर भेटू. भेटा, नक्की भेटा. पण खरं सांगू? मला तुमची आठवण येईल ती काचेत न मावणारी. पावसाळ्यात पोरं ओली होऊन यायची तेव्हा वर्गाला येणारा वास. खिचडी शिजताना सुगंधाबाईचं ओरडणं. बाजाराच्या दिवशी रस्त्यानं जाताना दर घरातून "बाई, या ना" म्हणून येणारी हाक. तिथं तिसऱ्या मजल्यावर मला कोण हाक मारेल? माझा जीव इथं लागलेला आहे आणि इथंच राहणार आहे. ज्यांची पोरं पुण्या-नागपूरला आहेत त्यांना एक सांगते. फोनवर 'बरी आहे' ऐकून थांबू नका. एखादी गाडी धरा आणि जाऊन या.

परवाच्या रविवारी मी शेवटची भूपेशच्या दुकानात बसले. इतकी वर्षं सगळे प्रश्न माझेच असायचे, आचल नुसती उत्तरं द्यायची. त्या दिवशी मी काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, "आई, तू माझ्याजवळच झोपशील ना?"

सत्तावीस वर्षांची पोरगी आहे हो ती.

तुम्ही शाल दिली, नारळ दिला, एवढा मान दिला, याचं ऋण मोठं आहे. गुरुजी लोकांनी मला सांभाळलं, गावानं सांभाळलं, पोरांनी तर पोसलंच म्हणा. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कोणाला माझी जीभ लागली असेल, तर आपली बाई म्हणून पोटात घाला. फार बोलले. आता मला जाऊ द्या. पोरगी वाट पाहून राह्यली.