दोन्हीतलं कोणतं खोडू?

जळकोटच्या बसस्थानकावर माझ्या मागच्या बाकावर एक शाळकरी मुलगी आणि तिचे आजोबा बसले होते.

"लुंबिनी, प्रदर्शनातून तुझाच तक्ता का बरं काढला?"

"आबा, मी लिहिलं, विश्व नवंच होतं तवाबी सूर्याच्या अब्जपट भारी कृष्णविवरं होती. एवढ्या लवकर कशी वाढली? मेलेल्या ताऱ्यांची बारकी विवरं वायू गिळत गेली, का वायूचा ढगच थेट आत कोसळून विवर झाला? अजून नक्की माहीत न्हाई."

"मंग चुकलं काय?"

"सर म्हणले, दोन्हीतलं एक खोड. तक्ता लातूरला न्यायचाय, तिथं उत्तर एकच लागतंय."

"खोडलंस?"

"न्हाई. शास्त्रज्ञांनी खोडलं न्हाई, मी कशी खोडू?"

"ऊठ."

"आबा, आपली गाडी लागली की."

"जाऊ दे गाडी. शाळेत चल. दोन्हीतलं खोटं कोणतं, ते सरांना कुणी सांगितलं, एवढं विचारून येऊ."