तरंगतं वाचनालय

छपाईच्या दुकानात रांग हलत नव्हती. नर्सबाईंच्या पुढे कॉलेजातली एक मुलगी आपल्या दादाला डिझाइनची कामं दाखवत होती. मुलाखतीला न्यायचा पोर्टफोलिओ छापायला तिने आणला होता. बाईंचे कान आपसूक तिकडे लागले.

"हे पहिल्या पानावरचं बोधचिन्ह कुणाचं?"

"तरंगत्या वाचनालयाचं. होडी काठाला लागते, पायरीवर बसून पुस्तक निवडायचं."

"कुठंय हे?"

"कुठेच नाही. माझ्या मनातलं."

"अगं, खरं गिऱ्हाईक दाखव! ते बेकरीचं पत्रक घाल पहिलं."

"ते करताना जांभया येत होत्या, दादा. हे करताना जेवायचंही भान नव्हतं."

"हसतील तुला. काढ ते पान."

"बरं."

तिने पान अलगद सोडवलं. बाईंना राहवेना.

"बाळ, चोरून ऐकलं, रागावू नकोस. तुझी होडी आमच्या नदीकाठच्या घराशी येईल का गं? आमच्या ह्यांना हल्ली फाटकापलीकडे चालवत नाही. पुस्तकांवाचून नुसते बसून असतात."

मुलगी दादाकडे बघत राहिली. दादाने तिच्या हातातलं पान घेतलं आणि पुन्हा सगळ्यांत वर ठेवलं.

"येईल की, काकू," तो म्हणाला. "फाटक उघडं ठेवा."