वाडीचं म्हणणं

रोह्याच्या रस्त्याचा विषय निघालाच आहे, तर हे ऐका. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. रस्ता रुंद करण्याआधी कासूजवळच्या कातकरवाडीचं म्हणणं ऐकायला सरकारी साहेब आले. वाडीत माझी सुकट खपायची, म्हणून ओळखीपुरता मला सोबत घेतलं. जाऊन बघतो तर सगळी वाडी वीटभट्टीवर कामाला गेलेली. मागे एकटी सोमी आजी.

साहेब म्हणाले, "आजी, तुमची झोपडी रस्त्यात येते. हलवली तर चालेल?"

"हलव ना. पन पोरं शिमग्याला येतील, तवा. आधीच मोडलीस, तर त्यांना वाटंल म्हातारी मेली."

साहेब वरमले. "बरं आजी, शिमग्यानंतरच येतो."

"त्याआधी पन येत जा रं," आजी म्हणाली, "असाच काय ना काय इचारायला."